एका वायरवर दोन मालक

एप्रिल आला की आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. जुन्या जालन्यातली अरुंद गल्ली, एका अंगाला धान्याची ठोक दुकानं, दुसऱ्या अंगाला आम्ही. ऊन चढलं की घराघरांतले कूलर घरघरायला लागतात, ओल्या वाळ्याचा वास सुटतो आणि त्यात पोत्यांची धूळ मिसळते. लोकांना या वासानं गार वाटतं म्हणे. माझं डोकं तापतं. मला त्या वासात एक बंद पडलेला काँप्युटर दिसतो, त्याचं उघडं पोट दिसतं, आणि त्या पोटात हात घालून बसलेला माझा दादा दिसतो. घाम पुसायचाही विसरलेला, आणि ऐकायचं तर नावच नाही.

यंदा तो काँप्युटर नुसता दिसला नाही, पलंगाखालून ओढून काढावा लागला. कारण अक्काचा फोन.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कुंभार पिंपळगावात जन्मली आणि गावातच दिली. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारासमोर झेंडा झाला की बाया आत येतात, फुलांनी मढवलेला पाळणा हलवतात आणि जन्माचा पाळणा म्हणतात. माझी माय होती तोवर तिचा पाळणा व्हायचा. तिनं स्वतः जोडलेला. मायला लिहिता येत नव्हतं आणि आम्हा शिकलेल्या लेकरांना तो कधी लिहून घ्यावासा वाटला नाही, कारण माय तर होतीच की समोर. ती गेली आणि तिचा पाळणा विहारातून उठला. मग बाया पुस्तकातला म्हणायला लागल्या.

"पमे, यंदा पाळणा मला म्हणायला लावलाय," अक्का फोनवर म्हणाली. "बाया म्हणून राह्यल्या, तुझ्या मायचाच पाह्यजे. मला तर तिसऱ्या कडव्याच्या पुढं काहीच आठवून न्हाई राह्यलं. दादानं भरून ठेवलेला हाय ना तुझ्याकडं?"

"हाय," मी म्हणाले. हाय म्हणणं फार सोपं असतं.

दादानं तो पाळणा काँप्युटरमध्ये भरून ठेवला होता, हे खरं. मायला समोर बसवून, तिच्या पदराला चिमटीएवढा माइक लावून. माय गेली, पुढं दादाही आजारपणात गेला. वहिनी लेकाकडं पुण्याला निघाली तेव्हा तिनं काँप्युटर माझ्याकडं पाठवला. "तुझंच भांडण होतं त्याच्यापायी दादाशी, तूच सांभाळ," असा निरोपही पाठवला. सांभाळला. पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून. सांभाळणं आणि टाकून देणं यांत आपल्याकडं फक्त चादरीचा फरक असतो.

त्या काँप्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क आहेत. एक मोठी, एक लहान. मोठीवर विंडोज, म्हणजे ती असल्याशिवाय काँप्युटर उठत नाही. लहानीवर दादानं जपून ठेवायचं ते सगळं ठेवलं होतं, मायचा पाळणाही त्यातच. आता गंमत ऐका. दोन्ही जोडून बटण दाबलं की पडदा काळा, वर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहते आणि डिस्क एकही सापडत नाही. लहानी काढली की मोठी सापडते, विंडोज उठतं, पण पाळणा नाही. मोठी काढून लहानी ठेवली की लहानी सापडते, पण विंडोज नाही. दोघी एकेकट्या शहाण्या. एकत्र आल्या की जणू घरात कुणी नाहीच.

मी चिडले की माझ्या तोंडून जे निघतं ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की शेजारच्या दुकानातला हमाल पोतं खाली ठेवून खिडकीत डोकावून गेला.

हे दुखणं मला ओळखीचं होतं. याच दुखण्यावरून एक अख्खा एप्रिल मी आणि दादा भांडलो होतो.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मी नुकताच काँप्युटरचा कोर्स केला होता आणि त्या वयात कोर्स केलेल्या माणसाला असतो तेवढा माज मला होता. दादा गावात गुरुजी. त्यानं कुणाकडून तरी वापरलेला काँप्युटर घेतला, का, तर जयंतीची पत्रकं घरी करायची. त्यात आधी एकच लहान डिस्क होती, ती भरली. मग दादा कुठूनशी मोठी घेऊन आला. "हिला बसव, पमे," म्हणाला.

तो एप्रिल मला अंगावरच्या घामोळ्यासारखा आठवतो. दिवसभर भारनियमन. लाईट यायची ती भर दुपारी, पत्रे तापून तडतडायला लागले की. पाण्याचा टँकर आणि लाईट एकाच वेळी यायचे हा तर वैताग वेगळाच. टँकरचा भोंगा वाजला की माय ओरडायची, "पमे, घागर!" आणि इकडं पंखा फिरायला लागला की दादा ओरडायचा, "पमे, लाईट!" मी एका हातात घागर, एका हातात स्क्रू खोलायचा पेचकस अशी दारात उभी. निंबाचा मोहोर वाऱ्यानं घरात यायचा आणि थेट काँप्युटरच्या उघड्या पोटात पडायचा. दादा तो फुंकून काढायचा, पुन्हा पडायचा.

काँप्युटरच्या आत करड्या रंगाची चपटी वायर असते, गोधडीच्या पट्टीएवढी रुंद. एका वायरवर दोन डिस्क बसतात. पण कुठली आधी बोलणार हे आपण ठरवून द्यावं लागतं. त्यासाठी डिस्कच्या मागं टोचऱ्या सुयांची रांग असते आणि ज्वारीच्या दाण्याएवढी एक काळी टोपी. तिला जंपर म्हणतात. टोपी या सुयांवर बसवली की डिस्क मास्टर, त्या सुयांवर बसवली की स्लेव्ह. डिस्कच्या पाठीवर तसं छापलेलंच असतं.

"म्हंजे काय?" दादानं विचारलं.

मी मोठ्या ऐटीत मराठी केलं. "हा मालक, हा गुलाम. एका वायरवर एकच मालक चालतो. दुसऱ्यानं गुलाम व्हायचं."

दादानं पेचकस खाली ठेवला. मला अजून तो ठेवल्याचा आवाज आठवतो, फरशीवर, हळूच.

"माझ्या घरात न्हाई चालायचं हे."

"दादा, मशीनचा शब्द हाय तो."

"शब्द मशीनचा असंल. टोपी तर मी बसवून राह्यलो ना?"

"अरं, पण दोन्ही मालक केले तर सुरू न्हाई व्हायचं."

"मंग न्हाई होऊ दे सुरू. दोघं बराबरीनं बसतील न्हाई तर बसणारच न्हाईत."

मी हसले, मग रागावले, मग रडकुंडीला आले. या माणसाला काय सांगावं? त्याला सगळं समजत होतं, तरी तो ऐकत नव्हता, याचाच संताप. ज्या आजोबांनी पाटलाच्या वाड्यावर पायऱ्यांखाली उभं राहून निरोप ऐकले, त्यांचा हा नातू. आमच्या घरात 'गुलाम' हा शब्द कुणाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि मीच तो कोर्समधून शिकून आले होते. पण हे तेव्हा कुठं सुचतं? तेव्हा फक्त उकडत होतं. मी त्याच्या पाठीमागं टोपी सरकवायची, काँप्युटर सुरू व्हायचा. दादा घरी आला की डिस्कची पाठ उलटून बघायचा आणि टोपी परत मालकाच्या सुयांवर. काँप्युटर बंद. असं किती दिवस चाललं देव जाणे, आणि आमच्याकडं तर देवही नाही विचारायला.

शेवटी त्यानं चप्पल चिकटवायचा गोंद आणला आणि दोन्ही डिस्कच्या टोप्या मालकाच्या सुयांवर कायमच्या चिकटवून टाकल्या.

"आता सरकव," म्हणाला.

मी तिथून उठले ते थेट माझ्या लग्नापर्यंत त्या खोलीत गेले नाही. लग्न होऊन जालन्याला आले. पुढं कधीतरी फोनवर दादा सहज म्हणाला, "झाला बरं का तो सुरू. दोन्हीबी चालून राह्यल्यात. मायचा पाळणा लहानीत ठेवलाय." कसा सुरू झाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हरले असते ना.

तर आता ती हार व्याजासकट समोर आली होती. दोन्ही टोप्या गोंदात घट्ट. चिमट्यानं ओढून बघितली, सुई वाकायला लागली तशी घाबरून सोडली. सुई मोडली की डिस्क गेली, पाळणा गेला. घरातला लॅपटॉप बघितला, त्याला जोडायची वायर मागवली. ती लावली की लहानी नुसती चक्कर येऊन पडल्यासारखी गरगरायची आणि गप्प व्हायची. लॅपटॉपला तिचा पत्ताच नाही.

मग सलीमभाईंकडं गेले. त्यांचं दुरुस्तीचं दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. काँप्युटर माझ्याकडं आला तेव्हा नवऱ्यानं त्यांनाच घरी बोलावलं होतं, सीडी चालत नव्हती म्हणून. सीडी त्यांनी चालू केली, आणि त्या दिवसापासून काँप्युटर बंद. तेव्हा आम्ही समजलो, जुना होता, गेला. कुणी मनावर घेतलं नाही. आम्हाला तेव्हा फक्त सीडीवर सिनेमा बघायचा होता.

"बाई, क्या मुसीबत पाल के रखे तुम," सलीमभाई गोंदावर नख फिरवत म्हणाले. "ये किसने किया?"

"माझ्या भावानं."

"जान-बूझ के?"

"बिलकुल जाणूनबुजून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, डिस्ककडं बघितलं आणि चहा मागवला. "टोपी निकली तो पिन भी साथ में आएगी. मैं हात न्हाई लगाता. तुम्हारे भाई की चीज है."

जयंती तोंडावर आली तशी अक्काच एसटीनं जालन्याला येऊन थडकली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि चेहऱ्यावर मायचा तोच भाव, आता दाखव काय ते. मी फरशीवर बसलेली, समोर काँप्युटरचे तुकडे. अक्का पलंगावर पाय मुडपून बसली आणि पदरानं वारा घेत राहिली.

"किती दिवस झाले, तू नुसती खोलून राह्यली. जोडणार कधी?"

"तू गप बस ना अक्का."

"गपच हाय. मला काय, चार बायांत तोंड दाखवायचंय एवढंच. पुस्तकातला म्हणते मी. मायचा गेला तर गेला."

ती हे इतकं सरळ म्हणाली की मला पेचकस फेकावासा वाटला. मायचा गेला तर गेला. असं कसं? आणि कुणामुळं? मायमुळं नाही, माझ्यामुळं नाही. त्या गोंदाच्या थेंबामुळं. मला दादाचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याच्याशी बोलले नसते. आणि तो नाही समोर, म्हणून तर आणखीच आला.

"दादानं मग चालवला कसा?" अक्कानं विचारलं. "त्याच्या घरी तर चालत होता. मी ऐकलाय ना पाळणा, तिथंच बसून."

"तेच तर! दोन मालक एका वायरवर चालतच न्हाईत. कोर्समध्ये शिकलेय मी. एका वायरवर दोन डिस्क, दुसऱ्या वायरवर सीडी. तक्ताच होता भिंतीवर."

"त्याची सीडी कुठं चालत होती?" अक्का म्हणाली.

मी वर बघितलं.

"चालायचीच न्हाई त्याची सीडी. गाण्याच्या सीड्या घेऊन तो तुझ्याकडं यायचा ना जालन्याला?"

यायचा. किती वेळा यायचा. एसटीतून उतरून, घामानं थबथबलेला, खांद्याला शबनम, आत रुमालात गुंडाळलेल्या सीड्या. आमच्या गल्लीतल्या एका ओळखीच्याच्या काँप्युटरवर बसून त्यातलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. मी चिडवायची, "दादा, तुझी सीडी दुरुस्त करून घे की. एवढं काय त्यात?" तर चहाचा घोट घेत म्हणायचा, "सीडी खराब हाय माझी. जाऊ दे, तुला भेटणं होतं." मला वाटायचं, धूळ गेली असेल. निंबाचा मोहोर गेला असेल.

मी वाकून आत बघितलं. सलीमभाईंनी व्यवस्थित बसवलेलं होतं सगळं, अगदी त्या भिंतीवरच्या तक्त्यासारखं. एका वायरवर दोन्ही डिस्क. दुसऱ्या वायरवर सीडी. आणि दुसऱ्या वायरला एका ठिकाणी करकचून बांधलेल्या सुतळीचा वळ पडलेला होता. दादाची सुतळी. ती वायर सीडीपर्यंत जात असताना तिला तसं बांधायचं काही कारणच नव्हतं. दादानं ती कधीकाळी आखूड करून खाली, लहान डिस्ककडं ओढलेली असणार.

सीडी खराब नव्हती. दादानं तिची वायर काढून लहानीला दिली होती. एकेका वायरवर एकेक मालक. दोघं बराबरीनं. आणि एवढं साधं उत्तर मिळाल्यावरही त्यानं मला सांगितलं नाही, कारण एका वायरवर दोन मालक चालत नाहीत हे माझं म्हणणं बराबर निघालं असतं. त्यापेक्षा हा शहाणा माणूस वर्षानुवर्षं एसटीनं सीड्या घेऊन जालन्याला येत राहिला.

"अक्का, याला काय म्हणावं?" मी ओरडले. "काय म्हणावं या माणसाला?"

"आधी जोड," अक्का म्हणाली.

मी सीडीची वायर उपटली. लहानीला लावली. बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग एका ओळीत मोठीचं नाव उमटलं. थोड्या वेळानं खालच्या ओळीत लहानीचं. काँप्युटर आपलं साल विसरून बसला होता, भलतीच जुनी तारीख दाखवत होता. मी म्हटलं, तुला जे साल वाटतं ते असू दे बाबा, तू फक्त ऊठ.

उठला.

लहानीत एक खण, म्हणजे फोल्डर, सापडला, त्यावर दादानं नुसतं 'माय' लिहिलेलं. दाबलं. आधी खरखर, मग पंख्याची घरघर, मग लांबून टँकरचा भोंगा. अक्कानं वारा घ्यायचं थांबवलं.

माय म्हणायला लागली. पहिलं कडवं, दुसरं. अक्काचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग तिसरं, अक्काला येत होतं ते शेवटचं:

तिसऱ्या दिशी उजाडलं रान,
बाळाच्या हाती कोरं गं पान,
लिहील त्यात साऱ्यांचा मान,
जो बाळा जो जो रे जो.

आणि माय थांबली. आम्ही दोघी पडद्याकडं वाकलो. माय खोकली. मग दादाचा आवाज आला, अगदी जवळून, माइकच्या बाजूलाच बसलेला असणार.

"माय, पुढचं म्हण की. मागच्या साली इथं विहिरीचं कडवं होतं."

"होतं. मागच्या साली विहीर खंदून राह्यले होते मनून होतं. ते साल गेलं. यंदा जे दिसंल ते म्हणायचं. तुझ्या शाळेतली परीक्षा हाय का ही, पाठ करायला?"

"मंग मी भरून कशाला ठिवून राह्यलो?"

"मला काय इचारतो? तूच बसीवलं मला इथं." माय हसली. "तीन कडवी माझ्याकडून घ्या. पुढचं ज्याचं त्यानं जोडायचं."

"बरं, थांब. लाईट जायच्या आत ठिवून घेतो." मग टिक असा आवाज, आणि संपलं.

मी डोक्याला हात लावला. इतके दिवस, इतक्या शिव्या, ती वाकलेली सुई, आणि आत काय, तर अक्काला आधीपासून येत होती तेवढीच तीन कडवी. चौथं नव्हतंच. दर साली नवं व्हायचं आणि आम्ही जन्मभर समोर बसून ऐकूनही आम्हाला ते कधी कळलं नव्हतं. मला रडावं की काँप्युटरला लाथ मारावी समजेना.

"परत लाव," अक्का म्हणाली.

"कशाला? तुला येतंय ते."

"पाळणा न्हाई. ते दादाचं लाव."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादानं सगळ्यांना भरून ठेवलं होतं. मायला, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना, शाळेतल्या पोरांच्या भाषणांना. स्वतःला कुणीच भरलं नव्हतं. त्याचा आवाज आमच्याकडं कुठंच नव्हता. मी परत लावलं. मंग मी भरून कशाला ठिवून राह्यलो. परत लावलं. पुढं किती वेळा लावलं ते सांगत नाही.

जयंतीला मीही गावी गेले. विहारात बाया पाळण्याभोवती दाटीनं बसलेल्या, मोगऱ्याचा आणि घामाचा वास एकत्र. अक्कानं तीन कडवी मायची म्हटली, मायच्याच चालीत. मग माझ्याकडं बघितलं आणि चौथं उचललं:

चौथ्या दिशी एकच तार,
तिच्यावर दोघं झाले बेजार,
दादानं केला बराबर विचार,
ज्याला त्याला त्याची दिली, जो बाळा जो जो रे जो.

बाया हसल्या, मागचा 'जो जो' सगळ्यांनी मिळून उचलला. "ही तार कुठून काढली गं?" कुणीतरी विचारलं. अक्कानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. माझे डोळे भरले होते आणि रागही अजून तसाच होता, दोन्ही एकदम. साधं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं? पण मला माहीत आहे. तो आत्ता इथं असता, त्याच्यासमोर मी ती वायर, तो सुतळीचा वळ, सगळं ठेवलं असतं, तरी चहाचा घोट घेत त्यानं एवढंच म्हटलं असतं, "सीडी खराबच होती, पमे."